हिरव्या दोऱ्याचा ढीग

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी उठून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचो. त्या नादात दोन गुलाब कुजले. यंदा सांगलीतल्या आमच्या फोटोग्राफर मंडळानं माझा सत्कार ठरवला आणि पत्रिकेवर छापायला नेमका तोच फोटो निवडला. वर म्हणाले, "दादा, या फोटोमागची कहाणी स्मरणिकेसाठी लिहून द्या. दोन पानं." लिहून देतो. दोन पानांत बसणार नाही आणि त्यांना आवडणारही नाही. न आवडू दे.

फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. हळदीचा पिवळाधमक ढीग, त्यावर एका बाईचा सुरकुतलेला हात, बोटांतून निसटणारी हळकुंडं, आणि त्यांत चार-पाच काळपट, किडकी. उजव्या कोपऱ्यात पोत्याच्या काठाला टोचलेली दाभण, दाभणीत हिरवा दोरा. खाली इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की माणसाचा हात दमतो, डोळा चुकतो. शेजारच्या पानावर कोरियाहून आलेलं यंत्र.

तो हात चुकला नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं पोहोचेल.

माझा स्टुडिओ गावभागात होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, कुणी गेलं तर हारासाठी मोठी करून दिलेली छबी. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत पाऊल टाकायला कुणाला कारण उरलं नाही. तेव्हाच पुण्याच्या एका जाहिरात कंपनीतून फोन आला. हळद निवडणारं एक कोरियन यंत्र मार्केट यार्डाजवळच्या एका वखारीत बसत होतं, आमच्या भागातलं पहिलंच. कोरियन कंपनीला त्याची गोष्ट फोटोंतून सांगायची होती. मॉडेल नकोत, नट्या नकोत. खरी वखार, खरी माणसं, खरं काम. फोटोंची पुस्तिका निघणार, प्रदर्शनात लागणार, आणि निवडलेल्या फोटोग्राफरला कोरियाला नेणार. मी पासष्टीचा होतो. विमानात कधी बसलो नव्हतो. माझा फोटो भिंतीवर टांगला जाणार, तोही हार न घालता, याचं मला फार अप्रूप वाटलं.

यंत्राविषयी खोटं बोलणार नाही. ते उत्तम होतं, आजही आहे. वरून हळकुंडं पावसासारखी पडत. पडता पडताच कॅमेरे प्रत्येकाचा फोटो घेत, आणि खराब हळकुंड खाली पोहोचायच्या आत वाऱ्याची बारीक फुंकर त्याला नेमकी बाजूला उडवी. चाळीस वर्षांत मी जेवढे फोटो काढले असतील, तेवढे ते यंत्र दुपारच्या जेवणापर्यंत काढत होतं. पहिल्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बघत उभा राहिलो. ज्यांनी ते बनवलं त्यांना मी तेव्हा मानलं आणि आताही मानतो.

पण सुरुवातीला यंत्र फसत होतं. आपल्याकडं हळद वाळली की पिंपात फिरवून पॉलिश करतात. वरची साल जाते, पिवळा रंग सगळीकडं सारखा बसतो. आतून किडकं हळकुंडही बाहेरून नवरीसारखं दिसतं. यंत्राचे कॅमेरे रंग बघत, आणि रंगानं ते गंडत. वखारीत हळद निवडणाऱ्या दहा-बारा बायका होत्या. त्यांना तर मजाच वाटली.

"आगं, ह्येला तर आमच्या शेठसारखंच दिसतंय," एक म्हणाली, "वरचं वरचं."

शेठ म्हणजे वखारीचे मालक. ते तिथंच उभे होते आणि हसले. हसण्यावारी न्यायचे, पण लक्षात ठेवायचे.

त्या बायकांत सगळ्यात जुनी जी होती तिला सगळे आक्का म्हणत. मीही म्हणायचो, माझ्यापेक्षा लहान असूनही. साठीच्या अलीकडची, काटकुळी. मूळची रहिमतपूरची, नवरा गेल्यावर सांगलीला आली आणि तीस वर्षं त्याच वखारीत बसली. त्या वखारीची एक रीत होती. प्रत्येक बाई आपण निवडलेलं पोतं आपणच शिवायची आणि प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग ठरलेला. कुणाचा लाल, कुणाचा काळा, कुणाचा पांढरा. पुढं माल खराब निघाला तर दोऱ्यावरून कळे कुणाचा हात होता. आक्काचा दोरा हिरवा. यार्डातले जुने खरेदीदार वखारीत शिरले की भाव बोलायच्या आधी विचारत, "हिरवा किती हाय?" हिरव्या दोऱ्याचं पोतं कुणी फोडून बघत नसे. तिला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण तिची सही साऱ्या यार्डाला वाचता येत होती.

कोरियाहून यंत्राबरोबर एक इंजिनिअर आला होता. तिशीतला, चष्मेवाला, अबोल. तीन दिवस यंत्राशी झटापट केल्यावर चौथ्या दिवशी तो आक्कासमोर येऊन जमिनीवर मांडी घालून बसला. हातात मोबाइल. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाइल मराठीत म्हणायचा, "कृपया मला सांगा, आपण कसे ओळखता?"

आक्का मोबाइलला म्हणाली, "तू गप बस. ह्याला बोलू दे."

मग दोघं खुणांनीच बोलायला लागले. तिनं एक हळकुंड उचलून तळहातावर नाचवलं, दुसरं नाचवलं. एक जड, एक हलकं. दोन्ही फरशीवर टाकली; एक टणकन वाजलं, दुसरं थप्प. त्यानं मान हलवली. यंत्राला हात नाहीत, कान नाहीत, असं त्यानं खुणेनं सांगितलं. आक्कानं थोडा विचार केला आणि हळकुंडाचं टोक त्याच्या चष्म्यासमोर धरलं. पॉलिशला सगळीकडं रंग बसतो, पण मोडलेल्या टोकाच्या आत बसत नाही. तिथं चांगल्याचा रंग केशरी, किडक्याचा राखेसारखा. तो उठला तो थेट यंत्राकडं पळाला. पुढचे दोन आठवडे त्यानं कॅमेरे हलवले, टोकांवर नजर ठेवणारा एक कॅमेरा वेगळा बसवला. रोज सकाळी आक्का ताटात हळकुंडं मांडून द्यायची आणि तो यंत्राला दाखवायचा.

"आक्का, ओके?"

"न्हाई ओके. ह्ये बघ, ह्ये काय हाय? परत."

त्याला छळायचं म्हणून बायकांनी एकदा जेवणात खर्डा वाढला, ठेचलेल्या हिरव्या मिरच्यांचा, आपल्या माणसालाही घाम फुटेल असा. त्यानं भाकरीबरोबर सगळा खाल्ला आणि वाटी पुढं केली. बायका हिरमुसल्या. "आगं, ह्याला तिखटच लागंना!" आक्का म्हणाली, "वाढ त्याला. आपलाच हाय त्यो."

त्या दुपारी मी एक फोटो काढला. ताटावर वाकलेली दोन डोकी, एक पदर घेतलेलं, एक टोपी घातलेलं, मधे तिच्या बोटांत धरलेलं हळकुंडाचं टोक. खरी गोष्ट ती होती. कोरियातली हुशारी आणि सांगलीची नजर एका ताटावर. इंजिनिअरला तो फार आवडला. शेठना त्यानं माझ्यासमोर सांगितलं की यंत्रावर रोज एक जाणकार माणूस लागेल, प्रत्येक लॉटला यंत्राला नमुना दाखवायला, आणि ते माणूस म्हणजे आक्का. शेठ हो म्हणाले. तिला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मशीनची मास्तरीण व्हय?" आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. तिला ते काम हवं होतं. गुडघे गेले होते. दिवसभर जमिनीवर बसणं आता जमत नव्हतं. यंत्रापाशी उभं राहायचं किंवा खुर्ची घ्यायची. खुर्चीवर बसून काम करायचं हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होणार होतं.

पुण्याहून आलेल्या जाहिरातवाल्या तरुणानं तो दोन डोक्यांचा फोटो बाजूला ठेवला. "सर, सुंदर आहे. पण आपल्याला प्रॉब्लेम दिसला पाहिजे. प्रॉब्लेमच नसेल तर मशीन कशाला?" त्याला 'आधी' आणि 'नंतर' हवं होतं. 'नंतर'चे फोटो माझ्याकडं ढीगभर होते. 'आधी'साठी मी दोन दिवस बायकांसमोर उकिडवा बसलो. त्यांच्या निवडलेल्या ढिगांत खराब काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी तो तरुण चहाला बाहेर गेला होता. खिडकीतून उजेड तिरपा आला होता, थेट आक्काच्या ढिगावर. मी म्हणालो, "आक्का, त्या टाकाऊतली चार-पाच ह्यात टाका की. फोटोपुरती."

"माझ्या ढिगात?"

"फोटो झाला की काढा."

"आवं दादा, कुनी बघितलं म्हंजे?"

"हातच येणार फोटोत. तुमचं तोंड येत नाही."

तिनं टाकली. माझ्यावर विश्वास होता म्हणून टाकली. मी भिंगातून पाहिलं तेव्हा कोपऱ्यात दाभणीतला हिरवा दोरा दिसत होता. पिवळ्यावर हिरवा असा उठून आला होता की फोटोला जीव आला. पुण्याच्या पोराला त्या दोऱ्याचा अर्थ माहीत नव्हता. कोरियन माणसाला कदाचित अर्धा माहीत होता. मला पुरा माहीत होता. एक पाऊल डावीकडं सरकलो असतो तर दोरा चौकटीबाहेर गेला असता. मी सरकलो नाही.

कंपनीनं फोटो घेताना एक कागद पाठवला. फोटोत काहीही मुद्दाम मांडलेलं नाही, असं मी लिहून द्यायचं होतं. ही अट त्यांची होती, त्यांच्या सचोटीची. मी सही केली.

पुस्तिका आली आणि यार्डातल्या दुकानादुकानांत गेली. इंग्रजी ओळ कुणी वाचली नाही. दोरा सगळ्यांनी वाचला.

दुसऱ्याच दिवशी एका खरेदीदारानं हिरव्या दोऱ्याचं पोतं फोडायला लावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. आत काही निघालं नाही, पण पोतं फोडलं गेलं, आणि सगळ्यांसमोर फोडलं गेलं. मग रोजच फोडायला लागले. "काय आक्का, हिरव्यात काळं?" असं येता-जाता म्हणायचे. मी पुस्तिकेच्या प्रती द्यायला वखारीत गेलो, तेव्हा आक्का शेठसमोर उभी होती.

"फोटोसाठी घातलं हुतं त्ये. ह्यांनीच सांगितलं. इचारा त्यास्नी."

शेठ माझ्याकडं वळले. "काय हो, खरं का?"

सगळ्या बायकांचे हात थांबले होते. मला सही केलेला कागद दिसत होता, विमान दिसत होतं, भिंतीवरचा फोटो दिसत होता. मी म्हणालो, "जे समोर होतं तेच काढलं. कॅमेऱ्याला थोडंच खोटं बोलता येतं?"

आक्का माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. हळकुंड फरशीवर टाकून आवाज ऐकताना बघायची, तसं. मग तिनं पोत्यावरची दाभण काढली, कमरेला खोचली आणि जागेवर जाऊन बसली. त्या आठवड्याचं काम पुरं करून ती रहिमतपूरला परत गेली. यंत्रापाशी शेठनी दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं. ज्या बाईच्या मालात खोट निघते तिला मशीनची मास्तरीण कोण करणार?

यार्डात बोललं गेलं, मशीन आलं आणि आक्काची रोजी गेली. एका सभेत एका पुढाऱ्यानं तिचा दाखलाही दिला, परदेशी यंत्रं गरिबाच्या पोटावर कशी पाय देतात त्याचा. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलो होतो. आज त्या सगळ्यांना सांगतो की तुम्ही चूक आहात. यंत्रानं तिला खुर्ची देऊ केली होती. ती खुर्ची मी काढून घेतली, सांगलीच्या माणसानं, सांगलीच्या बाईकडून. कोरियाला यात ओढू नका.

कोरियाला मी गेलो. मोठ्या काचेच्या दालनात माझा फोटो माणसापेक्षा उंच करून लावला होता. हिरवा दोरा माझ्या मनगटाएवढा दिसत होता. इंजिनिअर धावत भेटायला आला. मोबाइल पुढं केला, मोबाइल म्हणाला, "आक्का आता यंत्रावर काम करतात का?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि कमरेत वाकला. परतीच्या विमानात मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

परवा मंडळाचे दोघे घरी आले. मी त्यांना हे सगळं तोंडी सांगितलं आणि पत्रिकेवरून फोटो काढा म्हटलं. त्यांतला मोठा मला समजावायला लागला. "दादा, मांडणी कोण करत नाही? लग्नात फोटो चुकला तर आपण हार दोनदा घालायला लावतोच की."

"हार दोनदा घातल्यानं नवरीचं लग्न मोडत नाही," मी म्हणालो.

"आता एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार?"

"मला काही मिळायला नको. मिळालं तेच जास्त झालंय."

मुलगा आतून बाहेर आला, "बाबा, बीपी वाढेल." वाढू दे. सत्काराची शाल मला नको. त्या मंचावर काही लावायचंच असेल तर तो दोन डोक्यांचा फोटो लावा; माझ्याकडं आहे. खाली लिहा की या यंत्राला हळद ओळखायला या बाईनं शिकवलं. नसेल जमत तर कार्यक्रम रद्द करा. मंडळानं अजून उत्तर दिलेलं नाही. देवो न देवो, मी हे छापून घेणार.

मी तिला भेटलो नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या पॅसेंजरनं रहिमतपूरला गेलो. गाडीत सगळा वेळ काय बोलायचं ते घोकत होतो. विहारामागच्या आळीत तिच्या भावाचं घर होतं. ती ओसरीवर स्टुलावर बसून आल्याचं बेणं निवडत होती. कोरेगावकडचे शेतकरी लावणीआधी तिच्याकडून बेणं बघून न्यायचे, हे मला तिथंच कळलं. रहिमतपुरात तिचा डोळा कुणी खोटा ठरवला नव्हता.

"आवं, फोटोवालं दादा! वाट चुकला का काय?"

"तुमच्याकडंच आलोय."

"मंग बसा की. उभं कशापायी? ह्या गड्ड्यांवर पाय दिऊ नगा म्हंजे झालं."

चहा आला. तिनं कोरियावाल्याची चौकशी केली. लग्न झालं का त्याचं, अजून खर्डा खातो का. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग म्हणालो, "आक्का, तो फोटो..."

"कंचा? लय काढलं तुमी."

मी कप खाली ठेवला. ती माझ्याकडं बघत होती, हातातला आल्याचा गड्डा तसाच. मला वाटतं ती वाट बघत होती. मग तीच म्हणाली, "एक काढा की माझा. चांगला. भावाच्या घरात माझा एक बी फोटो न्हाई."

मी मोबाइल काढला. तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ केली.

"आन् ह्या बारीला मांडामांड करू नगा हां."

तिनं दार सताड उघडून दिलं होतं. तिथंच, तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हणालो, "उजेड छान आहे, आक्का." आणि फोटो काढला. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून दीड तास होता.

मागच्या महिन्यात तिच्या भावाचा फोन आला. आक्का गेली. हारासाठी तो फोटो मोठा करून हवा होता. मी करून दिला, घेऊनही गेलो. ओसरीत माणसं बसली होती. फोटो भिंतीला लागला, मी हात जोडले आणि तिथंही तोंड उघडलं नाही, कारण ऐकायचं होतं तिनं, फोटोनं नव्हे.

पॅसेंजरमध्ये घोकलेलं मला अजून पाठ आहे. फार नव्हतं. आक्का, तुमचा ढीग चोख होता. त्यात खराब मी घालायला लावलं, आणि चार माणसांत विचारलं तेव्हा तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं. मला माफ करा.